झाकणाच्या आतला देव

शॉमबर्गच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये देव टॉवेलच्या कपाटात होते. बेडरूमकडे जाणाऱ्या बोळात ते उभं, अरुंद कपाट होतं. वरच्या दोन फळ्यांवर चादरी, खालच्या दोन फळ्यांवर टॉवेल, आणि मधल्या फळीवर, आईच्या हाताला सहज येतील असे, नाशिकहून आणलेले पितळेचे देव. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने आईने जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं कापून चिकटवली होती. दार उघडलं की देवघर, लोटलं की कपाट. बाबांच्या ऑफिसमधलं कोणी जेवायला येणार असलं की बाबा हॉलमधूनच म्हणायचे, "ते दार लोटून घे गं." आई लोटून घ्यायची. एकदा पाहुण्यांपैकी कुणी हात पुसायला टॉवेल शोधत तिथे गेलं, दार उघडून दत्तगुरूंसमोर उभं राहिलं आणि "सॉरी" म्हणून दार मिटून परत आलं. आई त्यावर महिनाभर हसत होती. बाबा हसले नाहीत.

घराचे आवाज ठरलेले होते. जमिनीलगतच्या जाळीतून गरम हवा येताना होणारी धडधड, कुकरची शिट्टी, आणि फोडणी तडतडली की बोंबलणारा स्मोक अलार्म. त्या अलार्मला बाबांनी शेवटी आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून ठेवली. डिशवॉशर आम्ही कधी लावला नाही. आई त्यात घासलेली भांडी निथळत ठेवायची आणि खालच्या कप्प्यात पोळपाट. रोजचं जेवण म्हणजे पोळ्या, एखादी उसळ, वरण-भात, आणि माझ्यासाठी शाळेच्या डब्यात चीज लावलेली पोळी, जी मी सँडविच आहे असं सांगून खायची. अकराव्या वर्षी मी इथे आले. सोळाव्या वर्षापर्यंत माझं इंग्रजी कुणाला परकं वाटणार नाही इतकं साफ झालं होतं. आईचं झालं नव्हतं. तिला सगळं कळायचं, पण बोलताना ती मोजके शब्द घ्यायची, दुकानात पिशवीत मावेल तेवढंच सामान घ्यावं तसे.

मी याद्या करणारी मुलगी होते. आजही आहे. घरातल्या किराण्याची यादी, वाचलेल्या पुस्तकांची, कुणाकडे आपला कुठला डबा राहिला आहे त्याची. अक्षर चांगलं होतं. म्हणून शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी मला मिसेस लिंडनकडे पाठवलं. त्या आमच्या अपार्टमेंटपासून चालत पंधरा मिनिटांवर एका जुन्या विटांच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा दातांचा डॉक्टर होता, तो वारला होता, आणि त्याने जन्मभर जमवलेली चित्रं त्या एका म्युझियमला देणार होत्या. प्रत्येक चित्राचं एक कार्ड करायचं, त्यावर क्रमांक, माप, काय दिसतं, कुठे डाग, कुठे भोक. शाळा सुटल्यावर दोन तास. मला तेव्हा कॉलेजसाठी शिफारसपत्र हवं होतं, आणि मिसेस लिंडन चांगलं पत्र लिहितात अशी त्यांची ख्याती होती.

परक्या घरी एकटी मुलगी जाणार म्हणून आई सोबत आली. पहिल्या दिवशी ती कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिला समजलं की मिसेस लिंडन खुब्याच्या ऑपरेशननंतर डबाबंद सूप पिऊन दिवस काढताहेत. तिसऱ्या दिवशी ती मऊ खिचडी घेऊन आली. "मिरची नो," तिने सांगितलं. मिसेस लिंडननी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरीसाठी वाटी पुढे केली. पुढच्या आठवड्यात मेतकूट-भात, मग साबुदाण्याची पेज, मग लिंबाचं गोड लोणचं. आई त्यांना तोंडावर लिंडनबाई म्हणायची, आणि त्या ते नाव दुरुस्त करायच्या नाहीत. या देशात आल्यापासून आईची स्वतःची म्हणावी अशी ती पहिली ओळख होती. बाकीच्या सगळ्या बाबांच्या ऑफिसातल्यांच्या बायका.

चित्रं कसली होती ते सांगायला हवं. लाकडाच्या फळीवर चित्र उलटं कोरायचं, रेघा तेवढ्या उंच ठेवायच्या, त्यांना शाई फासायची आणि वर कागद ठेवून दाबायचा. मग हाताने लाल, हिरवा, पिवळा रंग भरायचा, घाईघाईने, बऱ्याचदा रेघेच्या बाहेर. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात जत्रेत, देवळाच्या दाराशी असले कागद विकायला असत. येशू, मेरी, संत आणि त्यांचे हाल. ज्यांना लाकडावर रंगवलेलं चित्र परवडत नसे ते हा कागद घरी नेत आणि भिंतीला, दाराला, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत.

"म्हणजे आपल्या कपाटासारखंच," आई म्हणाली.

मी हे इंग्रजीत सांगितलं नाही. मला आमचं टॉवेलचं कपाट त्या खोलीत नको होतं. पण आई स्वतःच उठली, हातांनी दार उघडून दाखवलं, आत बोट दाखवलं, "गॉड, टॉवेल, गॉड," म्हणाली, आणि मिसेस लिंडन एवढ्या हसल्या की त्यांना खुबा धरावा लागला.

डॉक्टरसाहेबांनी घेतलेलं पहिलं चित्र एका संत बाईचं होतं. तिच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात. तिचे दात उपटले होते म्हणून दातदुखीवाले तिला नवस करायचे. "आपल्याकडे देवीच्या रोगाला शीतलामाता तशी ही," आई म्हणाली. बाणांनी चाळण झालेल्या तरुण संताकडे बघून ती म्हणाली, "एवढं काय केलं होतं याने," आणि पान उलटायला सांगितलं. सगळ्यात ती रमायची ती हॉलच्या भिंतीवरच्या चौकटीपाशी. एक थोराड, दाढीवाला माणूस हातात झाडाएवढी काठी घेऊन गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडतोय आणि त्याच्या खांद्यावर तान्हं बाळ. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने चपला काढल्या.

"वसुदेव," ती म्हणाली.

"क्रिस्टोफर," मिसेस लिंडन म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलं की सकाळी ज्याने या संताचं तोंड पाहिलं त्याला त्या दिवशी वाईट मरण येत नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. म्हणून तो दाराजवळ लावायचा. मी भाषांतर केलं. त्यानंतर आई रोज आल्याबरोबर आधी त्या चौकटीसमोर उभी राहायची आणि मग आत येऊन सांगायची, "चला, पाहिलं. आज आपण तिघी सुखरूप."

आता एकतिसाव्या क्रमांकाचं. डॉक्टरसाहेबांच्या सामानात लोखंडी पट्ट्यांची एक छोटी पेटी होती आणि तिच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. गोंद वाळून तो सुटला होता आणि कुणीतरी तो नकलांच्या फोल्डरमध्ये सरकवला होता. नकला म्हणजे पुस्तकांतून छापलेली अलीकडची चित्रं. त्या मी बाजूला काढून टाकून द्यायच्या होत्या. मिसेस लिंडननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शंका आली तर मला विचार. दहादा विचारलंस तरी चालेल." मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारावं लागत नाही, हीच माझी हुशारी आहे असं मला वाटायचं.

कागदावर क्रिस्टोफरच होता, पण अर्धा. खालचा भाग किड्यांनी खाल्लेला, नदी नाही, पाय नाहीत. बाळाच्या तोंडावर भोक. दाढीचा रंग उडून तपकिरी पुसट डाग राहिलेला. भिंतीवर अख्खा, स्वच्छ क्रिस्टोफर होता. मी कार्डावर लिहिलं: ३१, फाटलेलं, निकामी, टाकावं. तो गुरुवार होता आणि मला साडेपाचला शाळेत परत जायचं होतं.

आई शेजारी बसून मटार सोलत होती. "याचं काय करणार?" तिने विचारलं.

"टाकून देणार. कचऱ्यात."

"देव कचऱ्यात टाकायचा?"

"आई, तो आपला देव नाही."

"आपला नसला म्हणून कचऱ्यात?" तिने मटारांचा वाडगा बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि कागद दोन्ही हातांवर घेतला. "खंडित झालेली तसबीर घरात ठेवू नये हे खरं. पण ती पाण्यात सोडतात. वसुदेवाला तर पाण्यातच जायचंय." मग ती थांबली. "लिंडनबाईंना विचारलंस ना?"

मी दप्तर भरत होते. "हो गं, विचारलं," मी म्हणाले.

विचारलं नव्हतं. तो एक शब्द बोलायला किती वेळ लागला असेल. त्यानंतर मी नोंदींचंच काम केलं. आज बॉथेलला राहते, सिएटलजवळच्या एका म्युझियममध्ये कुठली वस्तू कधी आली, कशा अवस्थेत आली, कुणी हात लावला, याचा हिशेब माझ्याकडे असतो. हाताखालच्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते, की जे केलं नाही ते केलं म्हणून लिहायचं नाही. त्यांना ते नियमाच्या पुस्तकातलं वाक्य वाटतं.

आमच्या अपार्टमेंटच्या मागे पावसाचं पाणी साठवायचं तळं होतं. मधोमध कारंजं, काठावर बदकं आणि हंस, आणि "पाण्यात उतरू नये" अशी पाटी. नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणायचो. शॉमबर्गला आईची गंगा म्हणजे हे तळं. देवांवरची वाळलेली फुलं ती तिथेच सोडायची. शुक्रवारी सकाळी तिने पिवळ्या कापडात तो कागद, दोन झेंडूची फुलं आणि तळाशी एक दगड बांधला आणि काठावरून अलगद पाण्यात सोडला. मी खिडकीतून पाहिलं. तिने नमस्कार केला, पाणी डोळ्यांना लावलं आणि वर येऊन मला डबा भरून दिला.

शुक्रवारी दुपारी आईचं डोकं दुखत होतं, म्हणून मी एकटीच गेले. मिसेस लिंडन काठी टेकत आल्या. "मंगळवारी म्युझियमचा माणूस येतोय," त्या म्हणाल्या. "झाकणातला क्रिस्टोफर वर काढून ठेव. तो त्याच्यासाठीच येतोय. भिंतीवरची नक्कल आहे, माझ्या नवऱ्याने पुस्तकातून मोठी करून घेतली होती. खरा तो झाकणातला. दुसरा असा कुठे असल्याचं आम्हाला माहीत नाही."

मी म्हणाले, "शोधते."

घरी आल्यावर मी दप्तरातून आणलेलं एकतिसाव्या क्रमांकाचं कार्ड चार तुकडे करून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकलं. नवीन कार्ड लिहिलं: ३१, झाकणातलं चित्र, सध्या सापडत नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं. आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. मी तिला काही सांगितलं नाही. शनिवारी पाऊस सुरू झाला आणि रविवारी रात्रीपर्यंत पडत राहिला. तळं भरलं, काठावरची पाटी पाण्यात गेली, आणि जास्तीचं पाणी पलीकडच्या मोठ्या नळातून गटारात वाहायला लागलं.

एक गोष्ट मला पुढे कामावर लागल्यावर कळली आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पाणी हा त्या कागदाचा शत्रू नाही. तो चिंध्यांचा कागद. कागद दुरुस्त करणारे लोक असे कागद मुद्दाम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडतात, धुतात, वाळवतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला बाहेर जाऊन बसावं लागलं. रंग गेला असता, पण काळी रेघ तेलातल्या शाईची होती, ती राहिली असती. शुक्रवारी दुपारी मी तोंड उघडलं असतं तर बाबा पँट दुमडून पाण्यात उतरले असते आणि दगड बांधलेलं ते पिवळं गाठोडं काठापासून चार पावलांवर मिळालं असतं. म्हणजे ते चित्र आईने पाण्यात बुडवलं नाही. मी चार दिवस गप्प राहून बुडवलं.

मंगळवारी आई बरी होती. तिने पुरणपोळ्या केल्या होत्या, पाहुणा येणार म्हणून. म्युझियमचा माणूस ठिपक्यांचा बो-टाय लावून आला होता, भला होता, त्याने पोळी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. मग त्याने झाकणातलं चित्र मागितलं. मी कार्ड पुढे केलं. मिसेस लिंडननी ते वाचलं आणि त्या म्हणाल्या, "सापडत नाही म्हणजे?"

'लिड' म्हणजे झाकण, आणि 'क्रिस्टोफर', एवढं आईला पुरलं. ती सहज म्हणाली, "आय पुट इन वॉटर." आणि कुणाला कळलं नाही असं वाटून तिने हातांनी दाखवलं. फाटलेलं, नमस्कार, पाणी. "टोर्न गॉड. वॉटर इज गुड."

मिसेस लिंडनचा चेहरा पांढरा पडला. आईने माझ्याकडे पाहिलं. ती अजून घाबरली नव्हती. तिच्या दृष्टीने यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. "वैजू, सांग ना त्यांना," ती मराठीत म्हणाली. "तू विचारलं होतंस."

मिसेस लिंडन माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतेय ती?"

मी माझ्या साफ इंग्रजीत म्हणाले, "तिचा काहीतरी गैरसमज झाला असणार. तिला इंग्रजी नीट कळत नाही."

आईला हे वाक्य अक्षरन् अक्षर कळलं. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज मला ऐकू आला. ती उठली, कोट घातला आणि गेली. दाराजवळच्या चौकटीसमोर ती थांबली नाही.

घरी बाबांनी आवाज चढवला नाही, ते आणखी वाईट. "ही काय गोदावरी आहे का?" ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलून पाण्यात टाकायची? उद्या पोलिसात गेल्या तर माझ्या ग्रीनकार्डाचं काय?"

"मी उचलली नाही," आई म्हणाली. "विचारून घेतली."

"कुणाला विचारून?"

मी टेबलाशी गणितं सोडवत होते. आईने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ती बाबांना म्हणाली, "चुकलं माझं." बाबांच्या सांगण्यावरून तिने फोन केला. नंबर मी फिरवला. "सॉरी, लिंडनबाई," ती म्हणाली, आणि पलीकडून जे काही आलं ते ऐकून फोन ठेवला. बुधवारी बाबा खरंच तळ्यात उतरले, ऑफिसची पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून. काठावर हंस ओरडत होते. काही मिळालं नाही.

मिसेस लिंडन पोलिसात गेल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तुझी आई आली नाही तर बरं." आईचा खिचडीचा डबा त्यांनी धुऊन माझ्या हाती दिला. मी जून उजाडेपर्यंत तिथे जात राहिले, एकटी. काम संपल्यावर त्यांनी यादी टाइप करायला सांगितली. एकतिसावं रिकामं दिसलं असतं तर दर वेळी कुणीतरी विचारलं असतं, म्हणून मी बत्तिसाव्याला एकतीस केलं, तेहेतिसाव्याला बत्तीस, आणि असं शेवटपर्यंत. त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि सही केली. पत्र उत्तम लिहिलं. त्यात 'प्रामाणिक' हा शब्द होता. मी कॉलेजात गेले.

आईने त्यानंतर शॉमबर्गला कुणाशी ओळख वाढवली नाही. कॅलेंडरचे देव दारावरून हळूहळू निघाले, तिने नवे चिकटवले नाहीत. घरात मी मराठीत काही विचारलं तर ती मला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली, तिच्या त्या मोजक्या शब्दांत. "येस." "फिनिश." "फूड इज देअर." दोन-अडीच वर्षं तिने ते चालवलं. बाबांना वाटलं, बायको सुधारली.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे बॉथेलला आली. आता आम्ही मराठीतच बोलतो, भाजीबद्दल, गोळ्यांबद्दल, पावसाबद्दल. गेल्या मार्चमध्ये आमच्या म्युझियममध्ये जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, आणि मी तिला व्हीलचेअरवर बसवून घेऊन गेले. मनात ठरवून नेलं होतं. एका काचेखाली पेटीच्या झाकणात चिकटवलेला संत होता, तोंड जवळजवळ नाहीसं झालेला. खालच्या पाटीवर लिहिलं होतं की भक्तांच्या हातांनी आणि ओठांनी हा चेहरा झिजला आहे आणि हेच याचं मोल आहे. ती पाटी मीच तपासून दिली होती. आईने ती सावकाश वाचली.

"आई," मी म्हणाले, "मी तेव्हा विचारलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी रात्री कळलं. कचऱ्यात तुझं कार्ड सापडलं, चार तुकडे. विचारलं असतंस तर फाडलं नसतंस. कचरा तुझे बाबा बांधायचे, त्यांच्या हाती लागलं असतं. मी ते तुकडे शनिवारी सकाळी पावसात जाऊन तळ्यात सोडून आले."

शनिवारी. म्हणजे मंगळवारी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन ती मिसेस लिंडनकडे आली तेव्हा तिला ठाऊक होतं की मी विचारलेलं नाही. "सांग ना त्यांना" असं ती म्हणाली, ते मला संधी देण्यासाठी होतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते."

मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणाले. माफी मागितली, नीट, पूर्ण वाक्यांत, तिचा हात धरून. तिने हात काढून घेतला नाही आणि दाबलाही नाही. काचेखालच्या संताकडे बघत राहिली.

"एक सांग," ती म्हणाली. "तुझ्या त्या यादीत आता एकतीस नंबरला काय आहे?"

"बत्तीस होतं ते. मी सगळे नंबर एकेक वर घेतले."

"म्हणजे मधे जागा दिसत नाही कुठे."

"नाही."

"छान जमवलंस," आई म्हणाली, आणि खुर्ची पुढे ढकलायला सांगितली.